नाताळची कार्डं घरीच : कामाची वही, नाशिक २०२३

२ नोव्हेंबर, गुरुवार

यादी झाली. ४८ कार्डं लागतील. नातेवाईक १७. चर्चमधली जी म्हातारी माणसं आता उपासनेला येऊ शकत नाहीत, ती १९. उरलेली १२ शेजारी, मैत्रिणी आणि आईच्या शाळेतल्या दोन जुन्या बाई यांच्यासाठी.

यंदा एकही कार्ड विकत आणायचं नाही, हे गेल्या डिसेंबरातच मनाशी ठरवलं होतं. विकतच्या कार्डावर बर्फात बुडालेलं घर असतं, धुराडं असतं, सूचीपर्णी झाडं असतात. चित्र देखणं असतं, पण त्यात मला माझा नाताळ सापडत नाही. आमच्याकडे नाताळ म्हणजे भर थंडीत रात्री उशिरा दारात येऊन गाणारी मंडळी, त्यांची ढोलकी आणि खंजिरी, गॅलरीत टांगलेला चांदणीचा कंदील, आठवडाभर घरात भरून राहिलेला करंज्यांच्या तळणाचा वास. सही करताना दर वर्षी वाटतं, की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी सणाच्या शुभेच्छा पाठवतोय.

एक काम आजच सुरू करणं भाग होतं, कारण ते महिनाभर खातं. पिंपळाची ३० पानं बादलीत भिजत घातली. कोवळी घेतली नाहीत, ती सडून विरघळतात. पूर्ण वाढलेली, गर्द हिरवी, कुठेही भोक नसलेली पानं निवडली. वर ताटली आणि ताटलीवर दगड, म्हणजे पानं तरंगत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं. वास येतो, म्हणून बादली मागच्या नळाशी ठेवली आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार

चित्र काय काढायचं, यावर आजचा पूर्ण दिवस गेला.

आँजेलो द फोन्सेका यांची चित्रं पुन्हा काढून बघितली. ते मूळचे गोव्याच्या सांत इस्तेव्हचे, जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांची मरिया, म्हणजे येशूची आई, साडी नेसते, जमिनीवर बसते, तिचा चेहरा आपल्याकडच्या बाईचा आहे. त्या काळी गोव्यात अनेकांना हे रुचलं नाही. आज ती चित्रं बघताना मला एवढंच जाणवतं, की तान्ह्या बाळाला पदराखाली घेतलेली ती बाई मी आमच्या गल्लीत पाहिलेली आहे.

मग मेंढपाळ आठवले. बेथलेहेमची, येशूच्या जन्माची बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळली, रात्री शेतात राखण करणाऱ्यांना. आणि आपल्याकडे हे लोक आहेतच की! दिवाळी सरली की धनगरांचे कळप घाट उतरून कोकणाकडे निघतात. लहानपणी बाबांबरोबर सिन्नर रस्त्याला त्यांचा एक वाडा, म्हणजे तळ, बघितला होता. घोड्यावर बांधलेला संसार, झोळीतून डोकं बाहेर काढलेली कोकरं, पाठीवर घोंगडं घेऊन काठीला रेललेला एक म्हातारा. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखत मिळतं म्हणून. म्हणजे रात्री उघड्या शेतात, आभाळाखाली, कळपाजवळ जागा असलेला माणूस आम्हाला कल्पनेतून आणायची गरजच नाही.

ठरलं. काळं रान, घोंगडं पांघरलेला धनगर पाठमोरा, शेजारी तीन मेंढरं, वर एकच मोठी चांदणी. खाली ‘शुभ नाताळ’. लिनोवर, म्हणजे ठसा काढायच्या मऊ तक्त्यावर, कोरायचं. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये केलेलं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोचित्र डोळ्यासमोर होतं. काळ्यावर पांढऱ्या मोजक्या रेषा, आणि काठी टेकत निघालेला माणूस पुरता उभा राहतो.

८ नोव्हेंबर

पाणी बदललं. पानं तपकिरी पडू लागली आहेत.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीच्या गडबडीत हाताला काम नव्हतं, पण डोक्यात चालू होतं. शेजारच्या मुलांनी घरी केलेला आकाशकंदील रात्री गॅलरीतून बघत होते. बांबूच्या कामट्या, पिवळा पतंगी कागद, आत दिवा. मग सुचलं, की चांदणी छापायचीच नाही. कार्डाला चांदणीच्या आकाराचं भोक पाडायचं आणि आतून पिवळा पतंगी कागद चिकटवायचा. कार्ड टेबलावर उभं केलं आणि मागे दिवा असला, की धनगराच्या डोक्यावर चांदणी उजळेल.

दुपारी मेन रोडला जाऊन पिवळ्या कागदाचे १० ताव आणले. दुकानदार म्हणाले, “ताई, दिवाळी झाली, संक्रांत लांब आहे. आत्ता कशाला?” त्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग एक कार्ड मलाही आणून दाखवा.” यादी ४९.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याला आत्याकडे गेले होते. येताना शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणला. १९४० मध्ये सुरू झालेली ही संस्था. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात, झाड तोडावं लागत नाही. ताव हातात घेतला, की कापडाचा स्पर्श जाणवतो. पांढरट, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे ६ ताव घेतले.

घरी येऊन कापायचा हिशेब मांडला. ताव साधारण ५६ बाय ७६ सेंटीमीटर. कार्ड नेहमीच्या मापाचं, म्हणजे उघडं १४.८ बाय २१ धरलं, तर सगळी एकाच दिशेने मांडून एका तावातून १० निघतात. तेच १४ बाय २१ केलं, तर १२! आठ मिलिमीटरच्या फरकाने दर तावामागे दोन कार्डं वाढली. चार तावांत ४८ झाली, दोन ताव चुकांसाठी राहिले. घडी घातल्यावर कार्ड १४ बाय १०.५ होतं आणि बाजारातल्या छोट्या पाकिटात सहज बसतं.

तावाची मूळची ओबडधोबड कड ज्या तुकड्यांना आली, ती कापली नाही. तीच तर हातकागदाची ओळख.

घडीसाठी रिकामी रिफिल वापरली. पोलादी पट्टी धरून रिफिल दाबून एक रेघ ओढायची, मग घडी घालायची. तशीच घडी घातली तर जाड कागदाला सुरकुत्या पडून कड फाटल्यासारखी दिसते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

लिनो कोरायला बसले. सकाळच्या थंडीत तो लाकडासारखा कडक होता आणि कोरणी घसरत होती. अर्धा तास उन्हात ठेवला, तेव्हा लोण्यासारखा कापला जाऊ लागला. लिनो म्हणजे मुळात जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा, त्यामुळे ऊब लागली की मऊ पडतो. एक नियम कसोशीने पाळला. डावा हात कायम कोरणीच्या मागे, पुढे कधीच नाही.

घोंगड्याचे पट्टे कोरताना फार आनंद झाला. बारीक व्ही कोरणीने एकेक ओढ, आणि काळ्यातून लोकरीचा खरखरीतपणा वर येतो. मेंढरांना उलट जवळजवळ काहीच केलं नाही. पाठीवर आठ-दहा आखूड, वाकडे ओरखडे दिले, बस्स.

अक्षरांनी मात्र दमवलं. लिनोवर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणून ‘शुभ नाताळ’ ट्रेसिंग कागदावर लिहून तो पालथा घालून उतरवला. एका जागी रेघ पुसट उतरली होती, ती मी हाताने पुन्हा काढली, आणि नेमकी चूक तिथेच झाली. ‘ना’चा काना डावीकडे गेलेला लगेच कळतो, ‘भ’ उलटा झाला की ओळखूच येत नाही. पण ‘ळ’ आरशात बघितला तरी पहिल्या नजरेला ‘ळ’च वाटतो. दोन गोल, वर एक दांडी. मी तो सुलटा कोरला. पहिला ठसा काढला तेव्हा चार अक्षरं बरोबर आणि शेवटचा ‘ळ’ तोंड फिरवून बसलेला.

अक्षरांची पट्टी तेवढी कापून वेगळी केली आणि दुसऱ्या तुकड्यावर नव्याने कोरली. या वेळी ‘ळ’चे दोन्ही गोल मुद्दाम मोठे ठेवले, म्हणजे आतली पोकळी शाईने भरून जात नाही. आपल्या लिपीचा एक फायदा इथे कळला. शिरोरेषा आधी सरळ कोरून घेतली, की बाकी अक्षरं तिला लोंबकळत आपोआप एका ओळीत येतात.

१९ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर मुलांना कार्डांसाठी बसवायचं होतं. पण आज विश्वचषकाचा अंतिम सामना. कुणी थांबलं नाही, मीही नाही. हरलो. रात्री कोरणीला हात लावावासा वाटला नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

चाचणी ठसे. कोरड्या हातकागदावर काळा भाग चट्ट्याचट्ट्यांचा आला, कारण कागद खडबडीत आहे आणि माझ्याकडे दाबयंत्र नाही, फक्त डाव आणि लाटणं. मग कागद ओलसर करून बघितला. दोन ओल्या कपड्यांच्या मध्ये गठ्ठा रात्रभर ठेवायचा. कागद नुसता दमट व्हायला हवा, पाणी दिसता कामा नये. फरक लगेच दिसला. दमट कागद मऊ पडून कोरलेल्या कडांना चिकटतो आणि काळा रंग भरीव उतरतो. डावाच्या पाठीने मधून कडेकडे गोल गोल घासायचं. एका ठशाला साधारण सहा मिनिटं.

शाई तेलातली घेतली आहे. पाण्यातली लवकर वाळते खरी, पण दमट कागदावर ती फुटेल अशी भीती वाटली.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ३६ ठसे. खांदा भरून आला आहे. गॅलरीत दोरी बांधून चिमट्यांनी सगळी कार्डं टांगली. ३६ धनगर एका ओळीत, पाठमोरे. पोटभर बघून घेतलं.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुपारनंतर आभाळ भरून आलं. पळत जाऊन कार्डं आत घेतली आणि जागा नाही म्हणून एकावर एक रचली. मग पाऊस, वारा.

संध्याकाळी निफाडहून दादाचा, माझ्या चुलतभावाचा, फोन आला. गारा पडल्या. द्राक्षबाग झोडपून निघाली. तो फार बोलला नाही. “घड बघवत नाहीत,” एवढंच म्हणाला आणि फोन वहिनींकडे दिला. त्या म्हणाल्या, “ताई, दोन दिवस यांना कुणी फोन करू नका.”

आज कार्डांचं काही लिहीत नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

गठ्ठा उघडला. ११ कार्डं खराब. खालच्याची शाई वरच्याच्या पाठीला लागली आहे. दोन दिवस झाले तरी बोट लावलं की काळं होतं.

काकांना फोन केला. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत, टपालाची तिकिटं छापण्यात त्यांची उभी नोकरी गेली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरी, तेलातली शाई कपड्यासारखी वाळत नाही. ती हवा खाते आणि घट्ट होते. तू आधी कागद दमट केलास, वरून पाऊस आला, आणि त्यात कार्डं एकमेकांवर दाबून ठेवलीस. तिला श्वास कुठून मिळणार?” मग सोपा उपाय सांगितला. पुन्हा टांगायची, दोन कार्डांत चार बोटं अंतर ठेवायचं, पंखा लावायचा, पण झोत थेट कार्डांवर नको. आणि आठवडाभर हात लावायचा नाही. नव्याने छापताना रूळावर शाई निम्मी घ्यायची.

खराब ११ टाकली नाहीत. त्यातला धनगर कापून घेतला तर भेटवस्तूला बांधायची चिठ्ठी होते.

२ डिसेंबर, शनिवार

उरलेले दोन ताव कापले आणि २४ नवे ठसे काढले. शाई निम्मी. कडा आधीपेक्षाही स्वच्छ आल्या. एक वाया गेला. पहिल्या खेपेची २५ आता बोटाला लागत नाहीत. एकूण ४८. एक कमी पडतंय, ते मुलांच्या कामातून येईल.

३ डिसेंबर, आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार रविवारांतला) पहिला रविवार

उपासना झाल्यावर नऊ मुलं थांबली. सगळ्यात मोठा सातवीतला, सगळ्यात धाकटी बालवाडीतली.

मुलांना कोरणी द्यायची नाही, म्हणून भेंडी. जून, जाड भेंडी घ्यायची, देठाकडून आडवी कापायची आणि अर्धा तास कागदावर पालथी ठेवायची, म्हणजे चिकटपणा कमी होतो. बशीत स्पंजाचा तुकडा, त्यावर पोस्टर कलर. भेंडी दाबली, कागदावर टेकवली, की पाच पाकळ्यांची चांदणी उमटते. एक भेंडी तीस-चाळीस ठसे देते, मग कडा मऊ पडतात, तेव्हा पातळशी चकती कापून टाकायची की पुन्हा नवी चांदणी. बटाट्यापेक्षा हे कितीतरी बरं. बटाट्यावर आकार मोठ्या माणसाला कोरून द्यावा लागतो, भेंडीत तो आधीच आहे.

धाकटीने पूर्ण कार्डभर चांदण्या मारल्या, जागाच ठेवली नाही. “आभाळ आहे,” म्हणाली. सातवीतल्याने उंट काढला आणि उंटाच्या पायाखाली गोदावरीचा घाट. मी काही बदलायला सांगितलं नाही.

त्यानेच विचारलं, “ताई, पहिलं कार्ड कुणी केलं?” सांगितलं. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने. नाताळात इतकी पत्रं यायची, की सगळ्यांना उत्तर लिहिणं होईना, म्हणून जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. रंग मात्र हाताने भरले. मधोमध जेवणाच्या टेबलाभोवती जमलेलं कुटुंब, एका बाजूला भुकेल्याला अन्न, दुसऱ्या बाजूला उघड्याला वस्त्र. “बर्फ?” त्याने विचारलं. बर्फ नव्हता. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरची माणसं काढली होती. हे सांगताना मला स्वतःलाच फार बरं वाटलं.

५ डिसेंबर, मंगळवार

पिंपळपानं बाहेर काढली. ३३ दिवस झाले. वाहत्या पाण्याखाली तळहातावर पान पसरायचं आणि जुन्या मऊ टूथब्रशने हलके हलके थोपटायचं, घासायचं नाही. गर निघून जातो आणि शिरांची जाळी राहते. ३० पैकी २१ अखंड निघाली. टिपकागदात घालून वहीत दाबली आहेत.

ही पानं कार्डाच्या आत, डाव्या बाजूला जातील, १९ म्हाताऱ्या मंडळींसाठी. त्यांच्या लहानपणी पुस्तकात पिंपळपान ठेवायची पद्धत होती, ती त्यांना आठवेल. चिकटवायचं फक्त देठापाशी, एका थेंबाने. पूर्ण पानाला गोंद लावला तर जाळी भरते आणि पानाचा जीव जातो.

८ डिसेंबर, शुक्रवार

एक कार्ड वेगळं करायचं होतं. चर्चमधल्या एका आजींना गेली काही वर्षं दिसत नाही. त्यांना काळा ठसा पाठवून काय उपयोग?

जाड पुठ्ठ्यातून चांदणी, धनगर आणि एक मेंढरू कापलं. दमट हातकागद त्यावर ठेवून डावाच्या दांड्याच्या गोल टोकाने कडेकडेने दाबत गेले. चिंध्यांच्या कागदाचे तंतू लांब असतात, त्यामुळे तो फाटत नाही, वाकतो आणि वाळल्यावर तसाच राहतो. शाईचा एक थेंबही नाही, सगळं चित्र उठावाचं. डोळे मिटून बोट फिरवलं. चांदणी कळत होती, धनगर कळत होता, मेंढरू नुसता ढेकूळ वाटत होतं. पुन्हा केलं. या वेळी मेंढराचे पाय लांब केले आणि कान बाहेर काढला. तेव्हा कळलं.

१२ डिसेंबर, मंगळवार

चांदण्या कापणं चालू आहे. ब्लेड दर दहा कार्डांनी बदललं, बोथट ब्लेडने हातकागद तुटत नाही, ओढला जातो. पतंगी कागदाला मैद्याची खळ लावून बघितली, तर ओलीने सुरकुत्या पडल्या. कोरडी गोंदकांडी फक्त कडेला लावली, ताणून बसला.

१५ डिसेंबर, शुक्रवार

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक भरलेलं पाकीट ठेवलं. ११ ग्रॅम. २० ग्रॅमपर्यंत पत्राला ५ रुपये, म्हणजे बिनधास्त. २७ पोस्टात टाकली, बाकीची हाताने द्यायची आहेत. खिडकीवरच्या बाईंना विनंती केली, की शिक्का हाताने आणि तिकिटापुरताच मारा, आत नाजूक पान आहे. त्यांनी एक पाकीट उजेडाकडे धरून बघितलं आणि सगळ्यांवर स्वतः शिक्के मारले.

१७ डिसेंबर, रविवार

आजींकडे गेले. कार्ड हातात दिलं. आधी त्यांनी कड चाचपली, मग घडी, मग बोटं वर सरकली. “चांदणी,” म्हणाल्या. मग धनगराच्या काठीवरून खाली आल्या आणि मेंढराच्या कानाशी थांबल्या. बराच वेळ तिथेच. “आमच्याकडे अशी सात होती,” म्हणाल्या आणि त्या सातही मेंढरांची नावं सांगितली.

२० डिसेंबर, बुधवार

दादाचं कार्ड पोस्टात टाकलं नव्हतं, ते घेऊन निफाडला गेले. बाग बघितली. काडीवर गारांचे व्रण आहेत, घड काढून टाकले आहेत. वहिनींनी चहा केला. कार्डात मी फक्त ‘शुभ नाताळ, दादा’ एवढंच लिहिलं होतं, बाकी काही लिहायला हात धजला नाही.

निघताना अंधार झाला होता. दादाने कार्ड बागेतल्या शेडमध्ये, मोटारीच्या पेटीवर, बल्बपुढे उभं करून ठेवलं होतं. गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, “वाटेवरून दिसते बघ.” वळून बघितलं. दिसत होती, पिवळी, नखाएवढी.

२२ डिसेंबर, शुक्रवार

ठसा गोडेतेलाने पुसला, साबणाने धुतला, सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवला. पतंगी कागदवाल्यांना त्यांचं कार्ड नेऊन दिलं. पुढच्या वर्षी पिंपळपानं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच भिजत घालायची. ५० लागतील.